रेवतीचं युक्रेन ऐकायला हैदराबादला

"मामा, माझा ओपन व्हायवा आहे, सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. कुणीही येऊन बसू शकतं," असा भाचीचा फोन आला आणि मी तिथल्या तिथं रजा टाकली. रेवतीचा पीएचडीचा विषय ऐका: युक्रेनचे लोक स्वतःला कोण समजतात, हे अभ्यासकांनी आजवर कसकसं अभ्यासलं. हैदराबादेत वाढलेल्या मराठी पोरीला हे कुठून सुचलं, ते तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना, कधीच कळलं नव्हतं, आणि पटलंही नव्हतं. पोरीच्या बाजूनं घरचं एक तरी माणूस नको?

उदगीरहून सकाळची बस धरा. बिदरपर्यंत कंबर ढिली होते, जहीराबादनंतर रस्ता झकास. तेव्हा आंध्र-तेलंगणाची वाटणी चालली होती, कधी बंद पुकारतील नेम नव्हता, म्हणून मी आधी चौकशी करून निघालो. या वाटेवर तीन राज्यं लागतात. माझ्या वडिलांच्या लहानपणी तो सगळा एकाच निजामाचा मुलूख होता.

मलकपेठेत ताईनं भाकरी आणि गोंगुरा, म्हणजे आपली अंबाडी, वाढली. दाजींचं बियाण्यांचं दुकान आहे. ते जेवता जेवता म्हणाले, "एवढी हुशार पोरगी, पण दुसऱ्याच्या देशाची उठाठेव. तुझं तिथं काय काम, असं सायबांनी विचारलं तर काय बोलणार हो?" रेवती ताटातच बघत राहिली. मला दाजींचा राग आला. तरी सकाळी तेच आधी तयार होऊन रिक्षात बसले.

तारनाक्याजवळच्या विद्यापीठात सगळं इंग्रजीत चाललं होतं, मी दाजींच्या कानात मराठीत सांगत होतो. रेवतीनं सांगितलं: आधीच्या अभ्यासकांनी गावोगावची गाणी आणि शब्द गोळा केले, भाषेत राष्ट्र शोधलं. रशियन साम्राज्याच्या पंडितांनी युक्रेनियनांना रशियनांचीच एक फांदी ठरवलं. सोव्हिएत काळात वरून आखलेल्या चौकटीत लिहावं लागलं, परदेशी गेलेल्यांनी विषय जिवंत ठेवला. स्वातंत्र्यानंतर लोकांना विचारायला लागल्यावर कळलं, की घरात रशियन बोलणारे कितीतरी जण स्वतःला युक्रेनियनच म्हणतात.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "यात तुमचं काय काम?" मी दाजींकडं बघितलं.

रेवती शांतपणे म्हणाली, "सर, भाषावार राज्यं झाली तेव्हा आजोबा इथंच राहिले. आम्ही घरात मराठी, दुकानात तेलुगू, भांडताना दख्खनी उर्दू बोलतो. नुसती भाषा मोजणाऱ्याच्या हाती आम्ही लागणार नाही. असे लोक अभ्यासकांच्या नजरेतून कसे सुटतात, ते मला बघायचं होतं."

परीक्षक हसले. अध्यक्षांनी रीतीप्रमाणे श्रोत्यांना विचारलं, कुणाचा प्रश्न? तर दाजी उभे राहिले. ताईनं त्यांचा शर्ट ओढला.

"साब, मैं इसका बाप. एक बात पूछनी है." मग पोरीकडं वळून मराठीत, "मग तुझ्या हिशेबानं मी कोण, बेटा?"

"ते तुम्ही सांगायचं, बाबा. अभ्यासकानं ऐकायचं."

"मी मराठी. आणि हैदराबादचाच," म्हणून दाजी बसले, आणि रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. रेवती डॉक्टर झाली, पण मला सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो त्या घडीचा.

उदगीरला आल्यावर पारावर हमखास विचारतात, "तुमचे दाजी आता तेलंगणवाले झाले, की अजून आपलेच?" पूर्वी मी तावातावानं उत्तर द्यायचो. आता दाजींना फोन लावतो आणि विचारणाऱ्याच्या हातात देतो.