काठावरचे अण्णा

भूपाल अण्णा गेल्याची बातमी मला दस्तगीर मिस्त्रीनं सांगितली. सकाळची बेळगावची सर्व्हिस मोटार स्टँडावर उभी करून तो माझ्या दारात आला, "मास्तर, अण्णा गेलं," एवढंच म्हणाला आणि ओसरीवर बसून राहिला. मीही त्याच्याशेजारी बसलो. त्या दिवशी मोटार बरीच उशिरा सुटली, पण एकाही उतारूनं कुरकुर केली नाही. ताप आठ-दहा दिवसांचा होता आणि तो उतरेल असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आदल्या रविवारी मी भेटायला गेलो, तेव्हा अण्णांनी अंथरुणातूनच विचारलं होतं, "मास्तर, वारा कुठला हाय?" मी म्हणालो, "अहो, आधी अंगातल्या तापाचं बघा." तर म्हणाले, "ताप हाईच की. वारा सांगा तुम्ही." मी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि पश्चिमेचा आहे म्हणून सांगितलं. "मग धाकटं शीड लावा," म्हणाले आणि कुशीवर वळले. आमचं शेवटचं बोलणं ते.

निपाणीत शिडाच्या होड्यांचं मंडळ होतं म्हटलं, की बाहेरगावचे लोक आधी हसतात. हसू देत. समुद्र पार घाटाखाली, आणि आमच्या गावाला ठाऊक एकच गोष्ट, तंबाखू. अण्णांच्या घरची वखारही तंबाखूचीच. एकदा ते माल घेऊन बेळगावला गेले असताना कॅम्पातल्या कुणा बदली झालेल्या साहेबाच्या सामानाचा लिलाव चालला होता. लोक कपाटं, आरसे, खुर्च्या घेत होते. अण्णांनी होडी घेतली. रिकाम्या परतणाऱ्या तंबाखूच्या गाडीवर ती उलटी टाकून त्यांनी निपाणीत आणली, तेव्हा अर्धं गाव वखारीपुढं जमलं होतं. "ह्यात बैलं कुठं जुपायची?" असं कुणीतरी विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "वारा जुपायचा." मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो. होडीच्या बुडाचा तो बाक मला फार आवडला आणि चित्र काढायला म्हणून जो गेलो, तो अडकलोच.

मंडळाला ना कचेरी, ना शिपाई. वखारीच्या दाराशी एक फळा होता. शनिवारी त्यावर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात बातम्या लागत. उद्या शर्यत आहे, सुकाणूची बिजागरी सैल झाली आहे, डांबर लावायला चौघे यावेत, ज्याच्याकडे जुनं धोतर असेल त्यानं शिडाच्या ठिगळासाठी आणावं. लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं, तेव्हा आमच्या शिडाला इतकी ठिगळं लागली, की मूळचं कापड कोणतं हे ओळखू येईना. दुसरी होडी आम्हीच बांधली. मी साहेबाच्या होडीची मापं घेऊन चित्र काढलं, गावातल्या सुतारानं फळ्या तासल्या आणि दस्तगीरनं मोटारीचे मोडके पत्रे ठोकून सुकाणू केलं. ती डाव्या अंगाला किंचित कलायची. चूक चित्रात की फळ्यांत, यावर सुतार आणि मी अजून भांडतो.

पण या सगळ्याला एक अट होती, आणि ती अण्णांच्या आईची. त्यांना सगळं घर आक्काच म्हणे. कमी बोलणाऱ्या, ताठ. घर जैन, त्यामुळे सूर्य मावळल्यावर अन्नपाणी घ्यायचं नाही, हा नेम लहानथोरांना सारखाच. आम्ही होड्या चालवायचो त्या गावाबाहेरच्या तळ्यावर वारा मात्र उन्हं कलल्यावरच चांगला सुटतो. होडी घरी आली त्याच दिवशी आक्कांनी लेकाला देवघरासमोर उभं केलं होतं. "तुझं त्ये खूळ चालू दे. पर दीस मावळायच्या आत ताटावर बसायचं. ज्या दिवशी ते चुकंल, त्या दिवसापास्नं होडी बंद." अण्णांनी हो म्हणून शब्द दिला.

मग आमच्या शर्यतींचा कायदाच निराळा झाला. उन्हं काठावरच्या बाभळीच्या शेंड्यावर आली, की जो जिथे असेल तिथून काठाकडे वळायचा, शर्यत संपलेली असो वा नसो. अण्णांच्या घरून भाकरी, घट्ट वरण आणि दही यायचं, आणि एकट्या माणसानं काय जेवायचं, म्हणून आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर बसायचो. रमजानात मात्र पंचाईत व्हायची. अण्णांना सूर्य मावळायच्या आत जेवायचं आणि दस्तगीरला मावळल्याशिवाय पाण्याचा थेंब चालायचा नाही. एकाचं ताट उचललं जायचं तेव्हा दुसऱ्याचं मांडलं जायचं, आणि दोघं एकमेकांना आग्रह करकरून वाढायचे. तसे रविवार मला पुन्हा कुठे मिळाले नाहीत.

एका रविवारी नेहमीसारखे अण्णा आधी काठाला लागले होते. दस्तगीर आणि मी दुसऱ्या होडीत होतो. होडीत एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. शिडाची दोरी बांधून टाकायची नाही, हातात धरायची. वाऱ्याचा झोत आला की सोडायची. दस्तगीरला हे तोंडपाठ होतं. पण त्याचा सारा जन्म मोटारीच्या टपावर ट्रंका आणि पोती आवळण्यात गेलेला. दोरी हातात आली, की ती गच्च बांधल्याखेरीज त्याला चैन पडत नसे. त्या दिवशी त्यानं तपकिरीची डबी काढायला म्हणून दोरी फळीला आवळली, ती अगदी टपावरची गाठ मारून. नेमका झोत आला. गाठ काही सुटेना, शीड पाण्याला टेकलं आणि आम्ही दोघंही तळ्यात. दस्तगीरला पोहता येत नव्हतं. मला येत होतं, पण एवढ्या दांडग्या माणसाला ओढण्याइतकं नाही. एका हातानं होडीचा काठ आणि दुसऱ्या हातानं त्याचा सदरा धरून मी ओरडत राहिलो.

अण्णांच्या पुढ्यात तेव्हा ताट मांडलेलं होतं. काठावरच्या लोकांनी पुढे सांगितलं, की त्यांनी पहिला घास मोडला होता. त्यांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, घास ताटात ठेवला आणि होडी ढकलली. तो झोत आला तसा विरून गेला होता. वारा नाही, म्हणून ते वल्ही मारत आले. दस्तगीर घाबरून त्यांच्या गळ्यात पडत होता. त्याला आत घ्यायला फार वेळ लागला. आम्ही काठाला टेकलो तेव्हा सूर्य गेला होता. मी त्यांना पाणी पुढे केलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. ताट गाईपुढं ठेवायला सांगितलं आणि होडीची दोरी खुंटीला बांधून घरी चालू लागले. आक्कांची अट मोडली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर आणि मी आक्कांकडे रदबदली करायला निघालो, तर अण्णांनी वखारीपाशीच अडवलं. "घरात कुणी एक शब्द बोलायचं न्हाय. शब्द मी दिलाय, तुम्ही न्हाय. बोललासा तर मंडळ बंद, एवढं ध्यानात ठेवा." मी म्हणालो, "अण्णा, एकदा विचारून तरी बघा. आक्का काही दगड नाहीत." "व्हय, पर इचारल्यावर त्या शब्दाला काय अर्थ? आक्काला वाटलं तर आक्काच सांगंल." आक्का काही बोलल्या नाहीत आणि अण्णांनी विचारलं नाही. एका चुलीवरचं खाणारी ती दोन हट्टी माणसं त्या विषयाला बगल देत किती वर्षं राहिली!

त्यानंतर अण्णांनी होडीत पाय ठेवला नाही. मंडळ मात्र सोडलं नाही. तंबूच्या खेळाची जाहिरात करणाऱ्याकडून त्यांनी पत्र्याचा कर्णा मिळवला आणि बाभळीखाली उभे राहून ते आम्हाला पाण्यावर चालवू लागले. "मास्तर, झोपलासा व्हय? वारा मागनं येतोय!" "दस्तगीर, गाठ! गाठ मारलीस तर बघ!" फारच संतापले, की कानडीत शिरायचे, मग ते काय म्हणतात हे न समजल्याचं सोंग करायची आम्हाला सोय होती. अर्ध्या गावाला होडी शिकवली ती या काठावरच्या माणसानं. नवा माणूस पहिल्यांदा एकटा फेरी मारून आला, की ते त्याची पाठ थोपटत आणि विचारत, "मधी गेल्यावर काय वाटलं?" तो बिचारा भीती वाटली, नाहीतर मजा वाटली असं काहीबाही सांगे. अण्णा ते लक्ष देऊन ऐकत. मला ते बघवत नसे. मी मुद्दाम होडीच्या दोऱ्या आवरायला निघून जाई...

गेल्या रविवारी, अण्णांना जाऊन महिना उलटून गेल्यावर, तळ्यावर एक टांगा आला आणि त्यातून आक्का उतरल्या. तळ्यावर त्या कधीच आल्या नव्हत्या. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. त्यांनी साहेबाची होडी नीट पाहिली आणि म्हणाल्या, "मला ह्यात बसवा." दस्तगीर माझ्याकडे बघू लागला. आम्ही दोघांनी त्यांना हात देऊन मधल्या फळीवर बसवलं आणि शीड उभारलं. त्या दोन्ही हातांनी काठ धरून बसल्या होत्या. तळ्याच्या मध्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "हितनं त्याला काय काय दिसायचं?" मी वखारींचे पत्रे दाखवले, बाजारची वाट दाखवली. त्यांच्या घराचा माळाही दिसत होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"त्यानं एकदा इचारायचं हुतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "माणसं वाचवून आला माझा ल्योक. मी न्हाय म्हणलं असतं व्हय? रोज वाट बघायची मी. आज इचारंल, उद्या इचारंल..."

"आक्का, तेही तुमच्या बोलण्याचीच वाट बघत होते," मी म्हणालो. आता कुणाची बंदी मोडायची राहिली नव्हती. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

उन्हं बाभळीच्या शेंड्यावर आली, तेव्हा दस्तगीरनं न विचारता होडी काठाकडे वळवली. आक्कांच्या ते ध्यानात आलं.

"का रं, वळवलास का?"

"आक्का, दीस मावळायला आलाय. तुमचं जेवाण ऱ्हायलंय."

आक्कांनी कपाळाला हात लावून सूर्याकडे पाहिलं. मग मंडळींनी काठावर त्यांच्यासाठी मांडलेल्या ताटाकडे पाहिलं.

"मावळू दे," त्या म्हणाल्या. "अजून एक फेरी मार."