तेजाबाच्या शेडमधली गुंफाबाई

गुंफाबाईने मला पहिल्याच दिवशी शेडच्या दारातून परत पाठवलं. मी अकोल्याहून शेतकीची पदवी घेऊन आलेलो, धनजच्या बाजूला एका बियाणेवाल्याच्या केंद्रावर नुकताच सुपरवायझर म्हणून लागलेलो. आणि ही बाई तिथली रोजंदारीची मजूर. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं. माझ्या पायांत चपला होत्या.

"पाय झाकून या, सायेब," ती म्हणाली. "तेजाबाले सायेब कोन अन् मजूर कोन, समजत नाई."

मला राग आला. पण तिच्यामागे उभ्या असलेल्या सात-आठ बायांपैकी एकही हसली नाही, आणि सगळ्यांच्या पायांत रबरी बूट होते. मी खोलीवर गेलो आणि बूट घालून आलो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. संकरित कपाशी आमच्या भागात नवी नवी येत होती. सरकीवर बारीक लव असते. ती तशीच पेरली तर दाणे एकमेकांना चिकटतात. म्हणून पेरणीआधी सरकी गंधकाच्या कडक आम्लात दोन-तीन मिनिटं घोळायची, लव जळली की भरपूर पाण्याने धुवायची, मग चुन्याच्या निवळीत बुडवून उरलंसुरलं आम्ल मारायचं, आणि पुन्हा धुऊन सावलीत वाळवायची. काळीभोर, तुकतुकीत सरकी हाती येई. आम्ल येई ते काचेच्या मोठाल्या बरण्यांत, गवत ठासून भरलेल्या लाकडी चौकटींतून. गावात सगळे त्याला तेजाबच म्हणत. कागदावर त्या शेडचा प्रमुख मी होतो.

गुंफाबाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. उंच, हाडापेराने काटक, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. रोज सकाळी ती प्रत्येक बाईला दारात उभी करून बघे. केस बांधलेत का, अंगावर ओरखडा आहे का. ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापून तिने गावच्या चांभाराकडून कोपरापर्यंतचे मोजे शिवून घेतले होते, ते हातात चढवायला लावी. त्याआधी बांगड्या उतरवायला लावी. त्यासाठी दाराशी खिळेच ठोकले होते.

एकदा शेवंता नावाची नवी लग्न झालेली मुलगी कामाला आली. हिरवा चुडा भरलेला. ती रडायलाच लागली. बांगड्या उतरवणं म्हणजे अशुभ, सासू घरात घेणार नाही, म्हणाली. गुंफाबाईने तिचा हात हातात घेतला.

"बांगडीच्या खाली थेंब अडकते, बाई. वरून दिसत नाई, अन् आतून कातडं जायत जाते. तुह्या नवऱ्याले चुडा पायजे का हात पायजे, जाय, इचारून ये."

शेवंताला तिने दोन दिवस नुसतं पाणी वाहायला लावलं. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने आपण होऊन चुडा उतरवला, पदराच्या गाठीत बांधला आणि शेडमध्ये आली. गुंफाबाईने तिला वाऱ्याच्या अंगाला, म्हणजे धूर येणार नाही अशा बाजूला उभं केलं.

पाण्याच्या बाबतीत तर ती कोणाचंच ऐकत नसे. शेडबाहेर सिमेंटचं टाकं होतं. ते काठोकाठ भरल्याशिवाय बरणीचं बूच काढू द्यायची नाही. "पानी आंदी, तेजाब मंग," हे तिचं रोजचं बोलणं. आम्ल पातळ करायचं झालं तरी पाण्यात आम्ल हळूहळू सोडायचं, आम्लात पाणी कधीच ओतायचं नाही, हे मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलं होतं. तिला अक्षरओळख नव्हती. तिला हे कसं कळलं, असं मी एकदा दुपारी भाकरी खाताना विचारलं.

तिने हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाली, "माही जाऊ होती, सायेब. दुसऱ्या एका जागी आमी दोघी याच कामाले होतो. तिच्या तोंडावर उडालं. तिथला मानूस म्हने चुना लावा, चुन्यानं तेजाब मरते. लावला चुना. म्या माह्या हातानं लावला." तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. "आंदी तेजाबानं जायलं, मंग चुन्यानं. डोये गेले दोन्ही. चुना बियाले हाय. मानसाले पानी."

त्या जावेला मी पुढे पाहिलं. गुंफाबाईच्या घरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, भिंतीला टेकून ती बसलेली असे आणि चाहुलीवरून माणूस ओळखत असे.

मृगाच्या तोंडावरचा तो दिवस. मालक जीप घेऊन आले. संध्याकाळपर्यंत ट्रक भरायचा होता, मंगरूळपीरचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि सकाळपासून वीज नव्हती. विहिरीवरची मोटर बंद, टाकं पाव भरलेलं. मालकांनी काम सुरू करायला सांगितलं. गुंफाबाई म्हणाली, "टाकं भरल्याबिगर बरनी उघडाची नाई."

"इथं मालक कोण आहे?" त्यांनी मला विचारलं. तिला नाही, मला.

मी बरणी उघडली. गुंफाबाईने माझ्याकडे एकदा बघितलं, हातमोजे काढून खिळ्याला लावले, घागर उचलली आणि बाकीच्या बायांना घेऊन विहिरीकडे गेली. विहीर लांब नव्हती, पण पाणी खोल होतं. त्या शेंदत होत्या, आणून टाक्यात ओतत होत्या, परत जात होत्या.

मी एकट्यानेच घमेल्यावर घमेली घोळली. मालक बघत होते, म्हणून जरा ऐटीतच. एका प्लास्टिकच्या टबात तळाला आम्ल साचलं होतं आणि सरकीचा लगदा घट्ट बसला होता. तो सुटावा म्हणून मी तांब्याभर पाणी घेतलं आणि टबात ओतलं. मी, ज्याने हे उत्तर परीक्षेत लिहिलं होतं.

फस्सदिशी आवाज झाला आणि उकळतं काहीतरी तोंडावर आलं. पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. मालकांचं ओरडणं, जीप काढा, जीप काढा. शेवंताचा रडवेला आवाज, "चुन्याची निवयी आनली, हे घ्या!" आणि भांडं लाथेने उडाल्याचा आवाज. मग कोणीतरी माझी मानगूट धरली आणि डोकं टाक्यात घातलं.

"डोये मिटू नोको! उघड! उघड म्हनतो ना तुले!"

आवाज गुंफाबाईचा होता. आजवर ती मला सायेब म्हणत आली होती. तिने उघड्या बोटांनी माझ्या पापण्या फाकल्या आणि दुसऱ्या बाईला तांब्याने धार धरायला लावली. मी ओरडत होतो, हात झटकत होतो. मालक म्हणत होते, दवाखान्यात न्या आधी. ती म्हणाली, "नेऊ. पानी झाल्यावर नेऊ." किती वेळ गेला कोण जाणे. टाक्यातलं पाणी कमी झालं तशी बायांनी विहिरीवरून साखळी लावली. मग तिनेच मला ओल्या कपड्यांनिशी जीपमध्ये टाकलं.

कारंज्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "पाणी कोणी मारलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईला विसरू नका."

मी विसरलो नाही. त्याहून वाईट केलं.

तिसऱ्या दिवशी पोलीस जमादार जबाब घ्यायला आला. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. मालक शेजारी बसले होते. मजूर बाईने हयगय केली, तिच्या हातून टबात पाणी पडलं, असा मजकूर त्यांनी आधीच सांगून ठेवला होता. केंद्र बंद पडेल, तुझी नोकरी जाईल, तिचं काय, ती कुठेही निंदणाला जाईल, असं ते सकाळी समजावून गेले होते. जमादाराने जबाब वाचून दाखवला. "बरोबर आहे?" मी म्हटलं, "हो." त्याने माझा हात धरून कागदावर नेला आणि मी सही केली.

पट्टी सुटली. दिसू लागलं. उजव्या गालावर डाग राहिला, एवढंच. केंद्रावर परतलो तर दाराशी बांगड्यांचे खिळे तसेच होते आणि गुंफाबाई नव्हती. तिला काढून टाकलं होतं.

मी तिच्या घरी गेलो. ती अंगणात तूर निवडत होती, एकाच हाताने. माझ्या केसांतून, तोंडावरून गळणारं आम्ल तिच्या हातांवर आलं होतं. स्वतःचे हात तिने माझ्यानंतर धुतले. डाव्या हाताची दोन बोटं आखडली होती. कापूस वेचणीचा हात गेला होता.

मी सगळं सांगितलं. जबाब, सही, सगळं. आतून जाऊ ऐकत होती. गुंफाबाईने सुपातून मान वर केली नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "जमादार इथं बी आला होता. वाचून दाखवलं त्यानं."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"म्या म्हनलं, त्याचे डोये बांधेल हायेत. सुटू दे." मग तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी डॉक्टरसारखं, आधी एक डोळा मग दुसरा. "दिसते ना आता? मंग जे झालं थे लिवा."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन दुसरा जबाब दिला. पाणी मी ओतलं, टाकं भरायच्या आधी बरणी मी उघडली, ती नको म्हणत होती. जमादार वैतागला, पण त्याने लिहून घेतलं. मालकांनी मला त्याच आठवड्यात काढलं. गुंफाबाईला त्यांनी परत घेतलं नाही. हे सांगायला हवं, कारण खरं बोलल्यावर सगळं ठीक झालं असं काही घडलं नाही. एवढंच झालं की सरकारी कागदावरून तिच्या नावापुढची हयगय पुसली गेली. मी नवा जबाब तिला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं."

पुढे मला मंगरूळपीरला नोकरी लागली. हंगाम आला की गावोगाव शेतकऱ्यांना सरकी धुवायचं प्रात्यक्षिक दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी तिला बोलावून घेई. ती एस. टी.ने येई, आखडलेल्या हाताने पदर मागे सारून पाटलांपासून सगळ्यांचे पाय बघे आणि चपलांवाल्यांना मागे पाठवी. प्रात्यक्षिक मी करत असे. बोलत ती असे. लोक तिचंच ऐकत. आपल्या जावेची गोष्ट ती प्रत्येक गावात सांगे. माझी कधीच सांगितली नाही.

चार हंगाम असे गेले. पाचव्या वर्षी मी निरोप पाठवला, तर उलट निरोप आला की ती चार दिवसांपूर्वीच तापाने गेली.

मी धनजला गेलो. तिच्या अंगणात शोकसभा भरली होती. बाया मेणबत्त्या लावत होत्या. शेवंता कडेवर मूल घेऊन उभी होती. आंधळी जाऊ भिंतीला टेकून बसली होती. माझी चाहूल तिने ओळखली आणि हाताने जवळ बसायची खूण केली. एका तरुण कार्यकर्त्याने वहीत बोलणाऱ्यांची नावं लिहून घेताना मला विचारलं, "तुमी गुंफाबाईचे कोन, सर? काय लिवू?"

"लिहा," मी म्हटलं, "मी त्यांच्या हाताखाली काम करत होतो."