गंगूअक्काच्या हातची पोत

आमच्या सोलापूरच्या घरात केर काढला की मणी निघायचेच. उंबऱ्याच्या फटीत, उशीत, एकदा तर लोणच्याच्या बरणीत! किस्सेही तसेच साठलेत. आठवत बसावं लागत नाही, कुठंही हात घातला की एखादा लागतो. आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

आमचं पटवेकऱ्याचं घर. मणी, मोती, पोवळी रेशमात ओवायची आणि माळा, नथी, मंगळसूत्राच्या काळ्या पोती करून द्यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मिलचा भोंगा हेच आमचं घड्याळ. दुपारचा भोंगा झाला की सोप्यात परात मांडायची आणि भोवती आम्ही बायका: सासूबाई, माझी थोरली जाऊ गंगूअक्का, मी आणि शेजारची नरसम्मा. दुकान सासऱ्यांचं, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो.

माळ कुणीही ओवावी, पण पोत फक्त सवाष्णीनं ओवायची, हा सासूबाईंचा नियम. आणि पोत ओवावी ती अक्कांनीच! गप्पा आमच्याशी, नजर दाराकडं, आणि मणी आपले मुकाट रांगेनं दोऱ्यावर चढायचे. मी हातातलं काम सोडून बघतच बसायची.

"धाकटे, तोंड मीट," अक्का म्हणायच्या. "मणी जाईल की!"

* * *

गल्लीत बीबनबी नावाची बांगडीवाली राहायची. तिच्या शेळीला दावं म्हणून माहीत नव्हतं. एके दुपारी ती शेळी सरळ आमच्या सोप्यात आली. परातीत तोंड घालून बघितलं, चव काही लागेना, मग पाय घातला. परात उलटी! मोहरीएवढे काळे मणी साऱ्या फरशीवर!

"कुनी पाय उचलू नका!" अक्का ओरडल्या. आम्ही जिथल्या तिथं थिजलो. शेळीसुद्धा!

सासूबाई भाकरीचं पीठ मळत होत्या. अक्कांनी तो गोळा घेतला आणि फरशीवरून असा अलगद फिरवला, की मणी आपणहून वर यायला लागले. एक कोपरा सुटला नाही. मग बसून आम्ही ते गोळ्यातून वेचून काढले. तेवढ्यात बीबनबी दारात आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "या अल्ला! मेरी बकरी को बी सुहागन होना है क्या!"

सासूबाईंनी पीठ वाया घालवलं नाही, फरशी नुकतीच पुसली होती म्हणे. रात्री मामंजी जेवायला बसले. दुसऱ्याच घासाला कट्टकन आवाज झाला! मामंजींनी दाढेतून मणी काढला, धोतराला पुसला आणि अक्कांच्या पुढ्यात ठेवला.

"घे गं गंगू. तुझा माल परत."

* * *

नरसम्मा विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. एकदा रुखवतात मांडायला मण्यांची गळपट्टी हवी म्हणून ऑर्डर आली, त्यावर पोपटांची डिझाइन. आम्ही डोक्याला हात लावून बसलो. नरसम्मानं काय करावं? दोऱ्यांचं एक टोक खांबाला बांधलं, दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला, आणि माग चालवल्यासारखी गुणगुणत मणी भरायला लागली. गुणगुणणं थांबलं की हात थांबायचा. हिरवे पोपट, लाल चोची, एकेक डोळा काळा!

मध्येच तिच्या नवऱ्याची पलीकडून हाक आली. ही "वस्तुन्ना!" म्हणजे आलेच, असं म्हणत उठली ती अंगठ्यासकट, आणि आडवीच झाली. पण पडता पडता दोन्ही हातांनी पोपट तेवढे वर धरले होते!

नवरीची आई पट्टी न्यायला आली. बायकांची सवयच ती, तिनं आधी उलटी करून बघितली. मागं तसेच पोपट! एक गाठ दिसेना, एक दोरा दिसेना. ती बिचारी पट्टी नुसती उलटीपालटी करत राहिली. शेवटी म्हणाली, "अगं बाई, मागची बाजू कोण बघतंय?"

नरसम्मा अंगठा चोळत म्हणाली, "मान बघती की!"

* * *

गड्ड्याच्या यात्रेतला किस्सा तर अजून सांगतात. दोन बायका पोवळ्याची एकच माळ धरून भांडत होत्या. ही म्हणे माझी, ती म्हणे माझी, दोघी देवाची शपथ घ्यायला तयार. माळ आमच्याकडची आहे एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत! फौजदारानं अक्कांना बोलावणं धाडलं. मामंजी घेऊन गेले, आणि मी मागं लागून गेले.

अक्कांनी माळ एकदा बोटांतून फिरवली आणि फौजदाराच्या मुठीत झाकून ठेवायला लावली.

"ह्यात एका पोवळ्याला कंगोरा ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या. "जिची माळ तिनं सांगावं, कुटं हाय त्यो."

पहिलीनं छातीवर हात ठेवला. "हितं, मधी."

दुसरीचा हात आपोआप मानेमागं गेला. "मेला रोज केस अडकतो त्यात," ती म्हणाली, आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते!

मूठ उघडली. कंगोरा बरोबर मानेमागच्या पोवळ्याला. फौजदारानं टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पोलीस खात्यात या!"

अक्कांनी विचार केला. "तितं मणी असत्यात का?"

* * *

केम गावची एक बाई आगगाडीनं आली होती, पोत ओवून घ्यायला. तिचा नवरा विहिरी खोदायचा, सुरुंग लावायला खाली उतरायचा. तिनं कुठून तरी ऐकलं होतं की गंगूअक्काच्या हातची पोत लाभते. पोत घेऊन गेली.

पुढं एका विहिरीची कड ढासळली. नवरा मातीखाली. लोकांनी आशा सोडली होती, आणि हा गडी जिता निघाला! सहीसलामत! हुरड्याचं गाठोडं घेऊन तो स्वतः आमच्या दारात उभा राहिला.

"म्या मेलो न्हाय," तो म्हणाला, "म्हनून आलो."

त्यानं सोप्यातच अक्कांना दंडवत घातला. अक्का लाजून चुलीपाशी पळाल्या. आतून म्हणाल्या, "अवो, म्या काय देव हाय का? म्या निस्ती गाठ मारते!"

"मग ती गाठ आमच्या मुकादमाला शिकवा," गडी म्हणाला. "दोर सोडताना लई ढिली मारतो!"

त्या दिवसापासून लांबलांबच्या बायका यायला लागल्या. सासूबाई प्रत्येकीला विहिरीची गोष्ट सांगायच्या, आणि दर वेळी विहीर थोडी खोल व्हायची.

* * *

आणि मग थोरले दीर तापानं गेले. अक्कांच्या गळ्यातली पोत उतरली.

त्या परातीपासून आपणहून उठल्या. सासूबाई ऊठ म्हणाल्या नाहीत, आणि बस असंही म्हणाल्या नाहीत. अक्का आतल्या दारात बसून आमच्यासाठी मणी निवडायच्या, दोऱ्याला मेण लावून द्यायच्या. माळसुद्धा ओवायला तयार नव्हत्या. एकदा निवडता निवडता त्यांची बोटं दोरा नसताना ओवायला लागलेली मी बघितली. मला फार वाईट वाटलं. त्या हातांना दुसऱ्या कशात करमतच नव्हतं हो!

गिऱ्हाइकं येत, चौकशी करत, आणि कळलं की चुकचुकून निघून जात. एक जण तर दारातच दुसरीला म्हणाली, "हिच्या हातची लाभती म्हनत्यात, मग हिची सोताची कुनी ओवली हुती?"

आम्ही कुणी मान वर केली नाही. अक्कांची पोत सासूबाईंनी ओवली होती.

* * *

आता शेवटचा. मंगळवेढ्याकडची एक बाई गाडी करून आली, घरी मेंढरं राखणारी. बरोबर लग्न ठरलेली लेक.

"गंगूअक्का कोनती? माजी पोत तिनंच ओवल्ती. लेकीचीबी तिच्याच हातची पायजे."

अक्कांनी पदर पुढं ओढला. "म्या आता ओवत न्हाय. धाकटी देईल ओवून."

बाईनं अक्कांचं कपाळ बघितलं. तिचा चेहरा उतरला. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाली, लेकीचा हात धरला आणि उठली.

सासूबाई परातीशी बसल्या होत्या. त्यांनी हात मानेमागं नेला आणि एक हिसका दिला. मणी परातीत खळखळले. आमच्यात पोत तुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. चुकून वाढली तरी हळकुंडाचा दोरा गळ्यात बांधल्याशिवाय सवाष्ण घोटभर पाणी पीत नाही. सासूबाईंनी हळकुंड मागितलं नाही. मोकळ्या गळ्यानं बसून राहिल्या.

"गंगू, माझी पोत वाढली. ये, ओवून दे."

नरसम्मानं तोंडावर हात धरला. अक्का दारालाच चिकटल्या होत्या.

"आत्याबाई, असं नगा करू वो. मामंजी हायत की आमचे!"

"हायत म्हनूनच पोत पायजे."

मामंजी दुकानातून चहाला आले होते. बाहेरच्या दारात उभे राहून त्यांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी डोक्याचा पटका काढला, खुंटीला अडकवला आणि बायकोच्या शेजारी जाऊन बसले.

"गंगू," ते म्हणाले, "जरा लांब ओव की. मला अजून लई जगायचं हाय!"

अक्का आल्या, परातीशी बसल्या आणि दोऱ्याला मेण लावायला लागल्या. मंगळवेढ्याची बाई दारापर्यंत पोचली होती. ती लेकीला घेऊन मागं आली आणि खाली बसली.