बारशाआधीचं नाव

भावाला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मी तेव्हा दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसले होते आणि समोर रांग दारापर्यंत गेली होती. "बाई, नाव तूच काढ," तो म्हणाला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. "आत्याचा मान हाय. पन कोनाचंच नसलेलं पाह्यजे. अन् बोलायले सोपं पाह्यजे." मान माझा आणि अटी त्याच्या! मी हो म्हटलं, कारण नाही म्हणून त्याला समजावत बसायची ताकद नव्हती.

सोळा वर्षं मी धानोऱ्याला हेच काम करते. नाव विचारायचं, लिहायचं, नंबर आला की खिडकीतून हाक मारायची. त्यामुळे नाव चांगलं की वाईट हे मला अर्थावरून कळत नाही, हाक मारल्यावर कळतं. हल्ली बाळांची नावं मोबाइलमधून येतात. मी "अनायरा" म्हणून ओरडते, कोणी उठत नाही. पुन्हा ओरडते. मग एखादी आजी शेजारणीला विचारते, "आपल्या छकुलीचंच हाय का वो ते?" तोवर मागची माणसं माझ्यावर खेकसायला लागलेली असतात. दिवसातून चार वेळा असं झालं की डोकं उठतं.

तरी मी नावं पाठवत गेले. पहिलं भावाला जुनाट वाटलं. दुसरं त्याच्या साहेबाच्या मुलीचं निघालं आणि तिसरं शेजारच्या क्वार्टरमधल्या कुत्रीचं. मग त्यानंच एक पाठवलं, कियांशी. मी विचारलं, म्हणजे काय रे? "मतलब काई नाई, बाई. पन युनिक हाय." तो ऊर्जानगरला वीज केंद्रात शिफ्टमध्ये काम करतो, त्यामुळे त्याचे फोन माझ्या जेवणाच्या वेळी नाहीतर आंघोळीच्या वेळी यायचे. आठव्या दिवसापर्यंत मी अगदी मेटाकुटीला आले.

त्या संध्याकाळी घरी आले, चप्पल न काढता खाटेवर बसले आणि माझ्याजवळ असलेलं एक नाव त्याला पाठवून दिलं.

ते नाव मी अकरा वर्षं सांभाळलं होतं. मला एक मुलगी झाली होती. कमी दिवसांची होती, काचेच्या पेटीत पाच दिवस जगली. कोणाची चूक नव्हती. तिचं नाव मी सातव्या महिन्यातच ठरवलं होतं, पण बारशाआधी नाव बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत. म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नाही, फक्त आईच्या कानावर घातलं होतं. बारसं काही झालं नाही. दवाखान्याच्या कागदावर माझं नाव आणि त्यापुढे 'बेबी' एवढंच लिहिलेलं होतं. मी स्वतः रोज तसेच कागद लिहिते. नंतर मला मूल झालं नाही आणि हळूहळू घरात तो विषयही कोणी काढेनासं झालं.

नाव तीन अक्षरी आहे, एकही जोडाक्षर नाही. बाजाराला येणाऱ्या म्हातारीलाही म्हणता येईल आणि शहरातल्या शाळेतही कोणी हसणार नाही. माझ्यापाशी राहिलं तर माझ्याबरोबरच संपेल, दिलं तर निदान कोणी तरी त्या नावानं हाकेला ओ देईल, असा विचार मी अनेकदा केला होता. पण त्या दिवशी दिलं ते मोठ्या मनानं नाही. थकले होते म्हणून दिलं. दोन मिनिटांत भावाचा फोन आला. "हेच! कुठून आनलं वो बाई?" मग त्यानं ते नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. मी म्हटलं, सुचलं असंच.

अकराव्या दिवशी धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून चंद्रपूर, मग ऑटो, असं करत ऊर्जानगरला पोचले तेव्हा कंबर राहिली नव्हती. आई बाळंतिणीसाठी तिथेच होती. स्वयंपाकघरात घुगऱ्यांसाठी चणे निवडत बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ते नाव काऊन देलं तू? सुनेले सांगतलं काय?"

"नाई."

"गेल्या लेकराचं नाव हाय ते. बाळंतीण हाय ती. कानावर गेलं तं काय वाटन तिले?"

मला राग आला. अकरा वर्षांत आई माझ्या मुलीबद्दल पहिल्यांदा बोलली, ते हे. पण तिचं खोटंही नव्हतं. आत्याच्या मानानं मी उद्या पाळण्याशी वाकून त्या बाळाच्या कानात ते नाव म्हणणार होते आणि आयुष्यभर भावजयीशी खोटं वागणार होते. तशीच उठले आणि आतल्या खोलीत गेले.

भावजय बाळाला पाजत होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. पेटी, पाच दिवस, नाव. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटलं. मग म्हणाली, "मंग हिले दुसरं पाहू, बाई."

झालं, मला वाटलं. माझ्या लेकीचं नावही कोणाला नको. मी जरा जोरातच बोलले, "अपशकुन वाटते ना तुले? तसं सांग."

"अपशकुन कायचा?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिचं नाव हाय ना ते? दोघी बहिनीले एकच नाव कोन ठेवते?"

मी पलंगाच्या कडेला बसले. तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं, दुपटं नीट केलं आणि त्या एवढ्याशा पोरीला म्हणाली, "ही तुही आत्या. अन् तुले एक मोठी बहीन होती." मग तिनं माझ्या मुलीचं नाव घेतलं. सहज, घरातल्या माणसाचं घेतात तसं.

मी रडले. आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. भावजयीनं माझा हात धरला आणि विचारलं, "कोनावर गेली होती वो, बाई?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगायला लागले.