कारण आल्यावर सांगेन

वामनकाका गेल्याचं मला कोणी कळवलं नाही. रविवारी बरकतपुऱ्यातल्या आमच्या स्मारक सभागृहावरून जात होतो, तर बाहेरच्या फळ्यावर अजून गुरुवारच होता. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. गाडी थांबवून उतरलो. तारखेखाली काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘आज संध्याकाळी सहा वाजता चहा. सर्वांनी यावे. कारण आल्यावर सांगेन.’

वॉचमन यादगिरी जवळ आला. "काका परसों सुबू गुजर गए, साब. भतीजा आको नांदेड ले को गया." मग म्हणाला, "उसके पहले दिन शाम को सोला कपां जमा को बैठे थे... कोई नै आया."

गुरुवारी मी तिथून दोनदा गेलो होतो. नवी मारुती घेतल्यापासून काचा वर असतात, मान ताठ असते. फळ्याकडे नजरच गेली नाही.

हे सभागृह ज्यांच्या स्मरणार्थ आहे त्या गुरुजींचा एकही फोटो नाही. निजामाच्या काळात इथल्या शाळा उर्दू, म्हणून ते घरोघरी जाऊन मुलांकडून मराठी अक्षरं गिरवून घेत. तरुणपणीच तापाने गेले. त्यांच्या शिष्यांनी नोकरीधंद्याला लागल्यावर हे सभागृह बांधलं. काका त्या शिष्यांतले सगळ्यात धाकटे. "फोटो नसेना का, अक्षर तर त्यांचंच आहे," असं म्हणत रोज सकाळी फळा लिहायचे. व्याख्यान, हळदीकुंकू, कुणाचं निधन... आमच्या लोकांना सगळं तिथेच कळायचं.

मग घरोघर केबल आली, फोन आले, सभागृहाच्या वरच्या खोलीत कम्प्युटरचा क्लास सुरू झाला. तिथे येणाऱ्या आमच्याच पोरांना मराठी धड वाचता येईना. मी एकदा शहाणपणा केला, "काका, फळा आता कोण वाचतं?"

"तू वाचतोस ना? मग बस्स झालं. उगीच परेशान नको करू."

त्यांच्या निधनाची बातमी शेवटी मलाच लिहावी लागली. फळा पुसताना हात शेवटच्या ओळीशी अडला, ती राहू दिली. वर शोकसभेचं लिहिलं, आणि सगळ्यांना फोनही केले. साठेक माणसं आली. सोळा कप कुठे पुरणार! जो तो काकांबद्दल भरभरून बोलला. पण त्या गुरुवारी काय होतं, ते एकालाही सांगता येईना. वाढदिवस? गुरुजींची पुण्यतिथी? की नुसतीच माणसं यावीत असं वाटलं होतं? त्या गर्दीत मला फार एकटं वाटलं.

याला दीड महिना झाला. आता रोज सकाळी तारीख मी बदलतो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण बदलतो. खालची ओळ अजून तशीच आहे. संध्याकाळी सहाला आत जाऊन बसतो, यादगिरी चहा ठेवून जातो. समोर काकांची खुर्ची असते.

आलोय मी, काका... सांगा आता.