वाचून दाखवायची राहिलेली नोंद

आधीच सांगते, या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चुका काढायलाच वाचत आले. कुणाला विहिरीवर बाई दिसली की मी विचारणार – चष्मा लावला होता का? माझा स्वभावच संशयी. गॅस बंद केलाय की नाही ते तीनदा बघते, भाजीवाल्याने दिलेले सुटे पैसे त्याच्यासमोरच मोजते. नवरा म्हणतो, "तू चुकून कॉम्प्युटरकडे वळलीस, तुझी खरी जागा पोलीस चौकीत." त्यामुळे हे लिहिताना मला खरंच अवघडल्यासारखं होतंय. पण मे महिन्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये... तर लिहूनच टाकते.

मी नगरला सावेडीत राहते. डेटाबेसचं काम करते, म्हणजे लोकांची जुनी माहिती नव्या ठिकाणी नीट हलवून द्यायची आणि ती पटकन सापडेल अशी सोय करायची. मे महिन्यात अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागातल्या एका संस्थेचं काम आलं. संस्था छोटी. गावोगावचं जुनं बियाणं जमवते – भात, नागली, वरई, वाल. एका लांब खोलीत फळ्यांवर मडकी, प्रत्येक मडक्यात राखेत कालवलेलं बी, आणि प्रत्येक मडक्याची कॉम्प्युटरमध्ये एक एक्सएमएल फाईल. वाण कोणता, कुणी दिला, कुठे पेरायचा, देणारी बाई काय म्हणाली – हे सगळं ज्या त्या खुणेखाली लिहिलेलं. अशा हजारो फायली. "उताराच्या जमिनीला कोणता भात?" असं विचारलं की जुना प्रोग्राम एकेक फाईल उघडून बघत बसायचा आणि विचारणारी बाई चहा पिऊन निघून जायची. पेरणीच्या आत हे सगळं एक्सएमएल डेटाबेसमध्ये हलवून वेगवान करून द्यायचं, एवढंच माझं काम.

या नोंदी लिहिणाऱ्या इंदुताई. पन्नाशीच्या, त्याच भागातल्या, एकोणीस वर्षं तिथेच. त्यांची एक पद्धत होती. बियाणं घेऊन आलेल्या बाईचं सगळं बोलणं लिहून घ्यायचं, मग तिला ते मोठ्याने वाचून दाखवायचं. ती मध्येच म्हणणार, "आसं न्हाई, तसं." मग दुरुस्ती. शेवटी ती "हाय बराबर" म्हणाली की तिच्याच हाताने बी मडक्यात पडायचं. तोवर मडकं फळीवर चढत नसे आणि फाईलमध्ये 'वाचून दाखवले' या खुणेपुढे 'होय' पडत नसे. ऐकायला छान वाटलं मला. कामाच्या दृष्टीने मात्र निरुपयोगी.

फायली दोन दिवसांत हलल्या. शोध तरी रेंगाळतच होता. मग पुस्तकाच्या मागे शब्दांची सूची असते तशा सूच्या बांधल्या, आणि जी माहिती कुणी कधी शोधणार नाही ती काढून टाकायला घेतली. 'वाचून दाखवले' तपासलं. पहिल्या चार-पाचशे नोंदी बघितल्या, सगळीकडे 'होय'. जिथे सगळीकडे एकच उत्तर, ती माहिती कशाला वाहायची?

"ताई, ते काढू नका," इंदुताई म्हणाल्या.

"त्याच्यावरून कोण शोधणार आहे?"

"शोधनार कोनी न्हाई. पर ऱ्हाऊ द्या."

मी हसले आणि काढलं. सगळं तीनदा तपासणाऱ्या मी उरलेल्या नोंदी मात्र बघितल्या नाहीत. का नाही बघितल्या, देव जाणे.

शोध झकास पळायला लागला. बोट उचलायच्या आत उत्तर. फक्त एक अपवाद. उत्तरात ठकूबाई नावाच्या बाईंनी दिलेला काळा भात आला, की चाळीस सेकंद. प्रत्येक वेळी! ती नोंद वगळली की पुन्हा पळतंय. मला वाटलं, डिस्क खराब. दुसऱ्या जागी हलवली – तरी चाळीस. नवा क्रमांक दिला – तरी चाळीस. मग तोच मजकूर शब्दन् शब्द नव्याने टाईप केला, फक्त देणारीचं नाव माझ्या सासूबाईंचं टाकलं. क्षणात उत्तर. नाव बदलून ठकूबाई केलं, पुन्हा चाळीस. कॉम्प्युटरला नावाचं काय सोयरसुतक? मी मनाशी म्हटलं, इथे कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय.

संशय आला की मला माणूस लागतो. संस्थेचे प्रमुख – सगळे त्यांना सर म्हणतात – त्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नाही. उरल्या इंदुताई. नव्या सोयीनंतर आपली गरज संपेल, अशी भीती त्यांना वाटत असणार, हे मी स्वतःच ठरवून टाकलं. त्यांच्याशी गोड बोलत राहिले आणि लक्ष ठेवायला लागले.

तिसऱ्या दिवशी जेवून आले, ती नोंद उघडली, तर तिच्यात एक ओळ जास्त. मूळ नोंदीत होतं – रोप करून खाचरात लावायचा. आता त्याखाली होतं – 'खाचरात न्हाई. वरकसात टोकायचा. पानी उभं ऱ्हायलं की मरतो.' खाचर म्हणजे बांध घातलेली, पाणी साठणारी जमीन; वरकस म्हणजे डोंगरउताराची, पाणी न थांबणारी; आणि टोकायचा म्हणजे रोप न करता बी थेट मातीत खोचायचं.

डेटाबेस प्रत्येक बदलाची टिपणी ठेवतो – कुणाच्या लॉगिनवरून, किती वाजता. त्याला आम्ही लॉग म्हणतो. लॉगमध्ये होतं, इंदुताई, दुपारी बारा वीस.

"म्या न्हाई केलं," त्या म्हणाल्या. "मी टाकीवर गेल्ते पान्याला."

"बरोबर कोण होतं?"

"कोन आसनार? एकलीच."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी ओळ वाचली आणि खुर्चीत बसल्याच. म्हणाल्या, "ठकूआत्याची नोंद मी लिवली, पर वाचून दाखवायची ऱ्हायली. दुसऱ्या दिशी जायचं ठरलं हुतं. ती त्याच राती गेली. तिच्या एकटीच्याच नोंदीत 'बाकी' लिवलेलं हुतं, ताई... तुमी काढलं ते."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काय पण गोष्ट रचलीय बाईने! वर मी काढलेली खूण चुकीची ठरवायचा डावही त्यात दिसला. मी जास्तीची ओळ पुसली आणि सरांना लेखी अहवाल दिला, की माहितीत फेरफार झालाय आणि तो इंदुताईंच्या लॉगिनवरून. सरांचाही नाइलाज होता. काळ्या भाताचं ते शेवटचं मडकं, दुसरीकडे कुठेच तो वाण उरलेला नाही. बी जुनं होत चाललेलं, यंदा पेरून नवं केलं नाही तर संपलंच. नोंद चुकली तर बियाणं गेलं. त्यांनी इंदुताईंना कॉम्प्युटरला हात लावायची बंदी केली आणि जूनअखेर काय ते ठरवू म्हणाले. मी डेटाबेसची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर घेतली आणि संगमनेरमार्गे नगरला परत आले. मनात समाधान होतं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या सोमवारची गोष्ट. सकाळचे अकरा वाजलेले, लख्ख ऊन, घरात मी एकटी. नवरा एमआयडीसीत कामावर, मुलगी मावशीकडे. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, इंटरनेट मी मुद्दाम बंद केलेलं – दुरून कुणी हात घालायला नको म्हणून. काळ्या भाताचा शोध सुरू करून ठेवला होता आणि ओट्यापाशी लसूण सोलत होते. इंदुताईंचा फोन आला.

"ताई, गावात समद्यांना कळलंय. मी काय चोरी केली का? एकोनीस वर्सांत एक आक्षर कुनाच्या मनाविरुद्ध लिवलं न्हाई मी."

"इंदुताई, लॉगमध्ये तुमचं नाव आहे. मी तरी काय करू?"

"नाव आसंल. म्या न्हाई केलं."

"मग कुणी केलं? लॉग खोटं बोलत नाही."

मग त्या म्हणाल्या, "बरं, मॅडम." आणि फोन ठेवला. आठ दिवस ताई-ताई करणारी बाई मला मॅडम म्हणाली, आणि ते चांगलंच टोचलं.

हात धुऊन टेबलाशी आले. उत्तर आलेलं होतं. ठकूबाईंची नोंद उघडली... तर मी पुसलेली ओळ जागेवर. 'खाचरात न्हाई. वरकसात टोकायचा. पानी उभं ऱ्हायलं की मरतो.' आणि तिच्याखाली आणखी एक – 'इंदे, वाच की.'

मी आधी दाराची कडी बघितली. आतून लावलेली. मग इंटरनेट. बंदच. मग लॉग उघडला. वेळ, अकरा वाजून सात मिनिटं. फोनवर बघितलं – इंदुताईंशी बोलणं अकरा पाचला सुरू, अकरा नऊला संपलेलं. आणि बदल कुणी केला? त्या लॅपटॉपवर लॉगिन एकच होतं. माझं.

ज्या वेळी माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हाताला लसणाची सालं, त्या वेळी माझ्या नावाने ती ओळ पडली होती! कुणाकडे बोट दाखवायचं आता? ज्या पुराव्यावर मी इंदुताईंना दोषी ठरवलं, त्याच पुराव्यावर मी दोषी. भीती तर वाटलीच, पण तिच्याहून जास्त वाटली ती शरम.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघाले. सरांसमोर अहवाल फाडला आणि म्हटलं, "सर, इंदुताईंना ठेवायचं नसेल तर माझ्यावरही तक्रार करा. माझ्या लॉगमध्येही तेच आहे." सरांनी दोन्ही लॉग बघितले आणि इंदुताईंवरची बंदी उठवली.

मग जुन्या फायलींतून 'वाचून दाखवले' ही खूण सगळ्या नोंदींत परत आणली. तीन हजारांवर 'होय' आणि एकच 'बाकी'. शोध सुरू केला. काळा भात आला – लगेच! चाळीस सेकंद गायब. सूच्या त्याच, मशीन तेच. म्हणाल तर खूण परत टाकल्याने आतली मांडणी सुधारली असेल. मीही तेच म्हणून बघितलं. मग बाकीच्या नोंदींना ती नव्हती तेव्हा काही झालं नव्हतं, त्याचं काय?

"इंदे कोण?" मी विचारलं.

इंदुताई माझ्याकडे बघत नव्हत्या. "मलाच म्हनायची ठकूआत्या. दुसरं कोनी न्हाई म्हनत."

फळीवर न चढवता कोपऱ्यात ठेवलेलं ते मडकं त्यांनी आणून समोर ठेवलं आणि नोंद मोठ्याने वाचली. पहिल्या ओळीपासून, कुणीतरी समोर बसलंय अशा आवाजात. खाचराच्या ओळीशी थांबल्या, मग माझ्या लॅपटॉपवरची नवी ओळ वाचली. खोलीत काहीही झालं नाही – ना वारा, ना आवाज. मी लक्ष ठेवून होते, सवयच ती. 'बाकी' तसंच राहिलं. 'हाय बराबर' म्हणायला कोण होतं?

सर म्हणाले, सगळं बी एका ओळीच्या भरवशावर नको. अर्धं खाचरात लावलं, अर्धं इंदुताईंनी वरकसात स्वतः टोकलं. खाचरातलं रोप श्रावणात पिवळं पडलं आणि बसलं ते बसलंच. उतारावरचं दसऱ्याला कंबरेएवढं होतं. मडकं भरलं आणि वर एक पाटी उरली.

एक शक्यता नवऱ्याने काढली, की मीच भ्रमात टाईप केलं. ओळ मी आधी वाचलेली होती, ठीक. पण 'इंदे'? ते नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. इंदुताईंना उतारावरची गोष्ट आधीच ठाऊक होती, असंही तुम्ही म्हणाल. असेल. मग माझ्या स्वयंपाकघरात ती कुणी लिहिली?

मागच्या आठवड्यात देखभालीसाठी संस्थेचा डेटाबेस इथूनच उघडला. ठकूबाईंची नोंद बघितली. 'वाचून दाखवले' – होय.

लॉग उघडला असता तर कळलं असतं, कुणी आणि कधी. एक क्लिकचं काम. इंदुताईंचं नाव असेल, सरांचं असेल, माझंही असेल. बोट बटणावर ठेवलं... आणि काढून घेतलं. त्याऐवजी इंदुताईंना फोन लावला. जूनपासून त्या कामापुरतंच बोलत होत्या, प्रत्येक वाक्याला मॅडम.

"इंदुताई, तो भात एकदा हातात घेऊन बघायचाय. येऊ का?"

पलीकडे मडक्यांचा आवाज येत होता. काहीतरी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "या की, ताई."