धुरी दिलेलं रक्त

शायिरगुल एजे, म्हणजे शायिरगुलताई, आमच्या खाणगावची नर्स. तोंडाने फटकळ, पण हात असा हलका की सुई टोचलेली कळायची नाही. युरेनियमची खाण कधीच बंद पडली. मागे राहिला तारेच्या कुंपणातला टाकाऊ मातीचा डोंगर. त्यातलं विष कुणाच्या अंगात उतरलंय का, हे तपासायला एजे घरोघर रक्त घेऊन बिश्केकच्या प्रयोगशाळेत पाठवायची.

आमच्या घरात माझ्या एकटीच्या रक्तात युरेनियम निघालं, तेही भरपूर. डॉक्टर म्हणाले, बाळाला अंगावर पाजू नका. माझी ऐझिरेक तान्ही. ती बाटली थुंकायची, माझ्या छातीशी झोंबायची, आणि मी दूध पिळून फेकून द्यायचे.

निकाल कळवून एजेचं काम संपलं होतं. तरी ती आली.

"एकाच झऱ्याचं पाणी पिता, एकाच तंदूरची भाकर खाता, आणि विष तेवढं सुनेला? मला नाही पटत. हात दे इकडे."

रक्त घेऊन तिने नळी टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेली. येऊन बघते तर सासूबाई, आमच्या आपा, नळीचं बूच काढून तिच्यावरून आदिराश्मानच्या वाळक्या झुडपाची पेटती जुडी ओवाळतायत! राख भुरुभुरु आत पडत होती.

"आपा! हे काय चाललंय?"

"दृष्ट काढतेय. बाळंतिणीचं रक्त घराबाहेर जातं, धुरी नको द्यायला? मागच्या वेळीही दिली होती."

"पण बूच कशाला काढलं?"

"बंद काचेतून धूर आत कसा जाईल गं? नर्स ना तू?"

एजेला हसू फुटलं. मग ती एकदम गंभीर झाली. "झुडूप कुठून आणता?"

"कुंपणापलीकडून, त्या मातीच्या डोंगरावरून. तिथलं कुणी तोडत नाही, चांगलं माजतं."

पाळण्यालाही रोज तीच धुरी मिळत होती. आपांनी हातातली जुडी पाण्यात बुडवली. माझ्या ओठांवर वाट्टेल ते आलं होतं, पण एजेने मला नजरेनेच गप्प केलं. "जीव लावला म्हणूनच केलंत ना, आपा?" एवढंच ती बोलली. माझं रक्त तिने पुन्हा घेतलं, बाळाचंही घेतलं आणि राखेची वेगळी पुडी बांधली.

त्या दिवसापासून आपांनी ऐझिरेकला हात लावला नाही.

विष राखेत निघालं. आम्हा दोघींचं रक्त स्वच्छ होतं. फोनवर सांगता आलं असतं, पण एजे चिखल तुडवत स्वतः आली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

"रडतेस काय? पोरगी भुकेलीय," म्हणत तिने ऐझिरेकला पाळण्यातून उचललं, ते थेट आपांच्या हातात दिलं. "आपा, द्या सुनेकडे."

आपांनी लेकराला घट्ट धरलं, आणि मग माझ्या मांडीवर ठेवलं.